नळी बदलायची, तर काडतूस कुठलं?

शिकारीच्या रायफलीत सगळ्यात आधी म्हातारी होते ती नळी. दस्ता शंभर वर्षं टिकतो, बोल्ट आणि त्याचं घर (इकडे त्याला ॲक्शन म्हणतात) नीट राखलं तर त्याहून जास्त टिकतं. नळी मात्र झिजते, गंजते. मग ती काढून नवी बसवायची, की प्रश्न उभा राहतो: जुनंच काडतूस ठेवायचं, की एवढा खर्च होतोच आहे तर काडतूसही बदलून घ्यायचं?

ज्यांचा बंदुकीशी संबंध फक्त दिवाळीतल्या टिकल्यांपुरता आला आहे (माझाही पंचविशीपर्यंत तेवढाच होता), त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काडतूस म्हणजे गोळी नव्हे. पितळेची एक पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, पोटात दारू आणि तोंडात खोचलेली गोळी, हे सगळं मिळून काडतूस. नळीच्या मागच्या टोकाला नेमक्या त्या पुंगळीच्या आकाराचा खळगा कोरलेला असतो, तो चेंबर. पुंगळीचा खांदा चेंबरच्या खांद्याला टेकतो, मागून बोल्ट दाबून धरतो, आणि या दोहोंतली जागा मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागापर्यंत नेमकी असावी लागते. म्हणजे रायफल कुठलं काडतूस खाणार ते नळी ठरवते. नळी बदलली की आहार बदलता येतो. पण वाटेल तो नाही. तोंड आणि पोट जुनंच राहतं.

ही रायफल माझी नाही. फोर्ट कॉलिन्समध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांची आहे. त्यांना मी समोर पहिल्या नावाने हाक मारतो, इथली रीत तीच. पण मराठीत लिहायला घेतलं की हात आपोआप ‘ते’वर जातो. मला शिकार त्यांनी शिकवली. पर्यटक किंवा नोकरीच्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला अमेरिकन कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगायला बंदी आहे, पण त्या बंदीला थोडे अपवाद आहेत आणि त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. म्हणजे सॉफ्टवेअर लिहायला आलेल्या माणसाला हातात रायफल धरायची असेल तर आधी शिकारी व्हावं लागतं. आजोबांना ही गंमत इतकी आवडते की ते ती प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

रायफलीचा जन्म जर्मनीतला. माउझरची ९८, युद्धातल्या शिपायाची. आजोबांचे वडील १९४५ साली युरोपातून परतताना ती घेऊन आले, तसे हजारो शिपाई घेऊन आले. तेव्हा तिच्यात ८×५७ ची जर्मन नळी होती. आठ हा गोळीचा अंदाजे व्यास, सत्तावन्न ही पुंगळीची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. पन्नाशीच्या दशकात वडिलांनी गावातल्या गनस्मिथकडून ती नळी काढवली आणि थर्टी-ऑट-सिक्सची अमेरिकन नळी बसवली. कारण अगदी साधं होतं. जर्मन काडतूस गावात मिळत नव्हतं, आणि अमेरिकन सैन्याचं उरलेलं थर्टी-ऑट-सिक्स पोत्याने स्वस्त मिळत होतं.

त्या स्वस्ताईनेच पुढे नळी खाल्ली. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. ते हवेतलं पाणी ओढतं आणि पोलाद गंजतं. तेलाच्या फडक्याने ते निघत नाही, पाण्याने धुवावं लागतं. आणि बंदुकीत पाणी ओतायला कुणाचाही हात धजत नाही. सत्तर वर्षांनी गनस्मिथने नळीत बारीक कॅमेरा घातला तेव्हा आतले आटे देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखे दिसले.

कागदावर त्याचा अर्थ असा. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये शंभर यार्डांवर पाच गोळ्या चार इंचांच्या वर्तुळात पडत होत्या, आणि नळी तापली की त्याहून मोठ्या. तेव्हाच आम्ही ठरवलं, या हंगामात शंभर यार्डांपलीकडे चाप ओढायचा नाही. ऑक्टोबरात कॅमेरॉन पास ओलांडून नॉर्थ पार्कच्या बाजूला गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी एल्कची एक मादी रानाच्या कडेला आली आणि आडवी उभी राहिली. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलत भाऊ म्हणा; मादीसुद्धा दोनशे किलोंच्या वर भरते. अंतर एकशे ऐंशी यार्ड. वारा नाही. मी दगडावर दस्ता टेकवून दुर्बिणीतून तिचा श्वास बघत होतो. छातीतली मर्माची जागा मोठ्या ताटाएवढी असते. त्या अंतरावर रायफलीची स्वतःचीच चूक सात-आठ इंच, त्यात माझ्या हाताची वेगळी. ती चार-पाच मिनिटं उभी होती. मग निघून गेली. आजोबा शेजारी होते, त्यांनी फक्त थर्मासचं झाकण उघडलं.

पोटात किंवा जबड्यात गोळी लागलेलं जनावर दोन दिवस जगतं. इथल्या कुठल्याही जुन्या शिकाऱ्याशी बोला, प्रत्येकाकडे अशी एक आठवण असते आणि ती तो दुसऱ्या पेल्याआधी सांगत नाही. नळी बदलायचं त्या दिवशी ठरलं.

आणि काडतूस मी ठरवावं, असं आजोबा म्हणाले. “इंजिनिअर तू आहेस.” माझी पदवी मेकॅनिकलची आहे, सातव्या सेमिस्टरनंतर लेथला हात लावलेला नाही, पण ते त्यांच्या लेखी किरकोळ. दुसरी गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली, आणि सगळं गणित त्यानेच फिरलं: रायफल पुढे नातीला जायची आहे. ती तेरा वर्षांची आहे. कॉलोराडोत मोठ्या जनावराची शिकार बाराव्या वर्षापासून करता येते, प्रशिक्षणाचा दाखला असला की.

मग मी तेच केलं जे माझ्या धंद्यातला कुणीही करेल. स्प्रेडशीट उघडली.

पहिली चाळणी बोल्टच्या तोंडाची. काडतुसाचं बूड बोल्टच्या ज्या वाटीत बसतं तिचा व्यास ९८ माउझरमध्ये १२ मिलिमीटर, म्हणजे ०.४७३ इंच. हा आकडा जर्मनांच्या १८८८ च्या काडतुसापासून चालत आला आहे. अमेरिकेने १९०३ साली स्वतःची स्प्रिंगफील्ड रायफल काढली तेव्हा माउझरची बरीच रचना उचलली, आणि पेटंटपोटी जर्मन कंपनीला दोन लाख डॉलर मोजले. तिच्यासाठी १९०६ मध्ये जे काडतूस आलं ते थर्टी-ऑट-सिक्स. नावातले शून्य-सहा म्हणजे ते साल. त्याचं बूड तेवढंच. त्यापासून निघालेलं १९२५ चं २७० विंचेस्टर, १९५७ चं २८० रेमिंग्टन, आखूड केलेलं ३०८, त्याची पोरं २४३ आणि सेव्हन-ओ-एट, इतकंच काय तर २००७ मध्ये हॉर्नडीने काढलेलं ६.५ क्रीडमूर, सगळ्यांचं बूड तेच. एकशे वीस वर्षांत गोळ्या, दारू, पोलाद, सगळं बदललं आणि हा एक आकडा कुणी हलवला नाही, कारण तो हलवला की जगातले सगळे बोल्ट बदलावे लागतात. आमच्या धंद्यात अशा गोष्टींना वारसा म्हणतात आणि त्यावर नाक मुरडतात. मला तर त्या आकड्याबद्दल आदर वाटायला लागला आहे.

नावांवर मात्र जाऊ नये. २७० ची गोळी ०.२७७ इंचाची असते, २८० ची ०.२८४. ‘७ मिलिमीटर’ची गोळीही तीच ०.२८४ ची, म्हणजे सव्वासात मिलिमीटरची, कारण जुने लोक आट्यांच्या माथ्यापासून माथ्यापर्यंत मोजत आणि नवे आट्यांच्या तळापासून तळापर्यंत. कंपन्या तर सरळ विक्रीसाठी नाव ठेवतात. त्या बिचाऱ्या २८० चं तर १९७९ मध्ये नाव बदलून ‘सेव्हन एमएम एक्सप्रेस’ केलं, लोकांचा गोंधळ उडाला, पुन्हा २८० केलं.

चाळणीतून खाली उरली चार. पहिलं थर्टी-ऑट-सिक्स, आहे तेच. दुसरं ६.५ क्रीडमूर, सध्याचं लाडकं. तिसरं २८० अ‍ॅक्ली इम्प्रूव्ह्ड, पी. ओ. अ‍ॅक्ली नावाच्या गनस्मिथने साध्या पुंगळीचे खांदे ताठ, चाळीस अंशांचे करून तिच्या पोटात जास्त दारूची जागा केली. त्याची मजा अशी की त्या चेंबरमध्ये साधं २८० झाडलं तर चालतं, आणि पुंगळी फुगून नव्या आकाराची होऊन बाहेर पडते. मागच्या आवृत्तीशी सुसंगत, वर आपोआप अपग्रेड. मी या काडतुसाच्या प्रेमात पडलो होतो, हे सांगितलंच पाहिजे. आणि चौथं ७×५७, ज्याचा विचार मी सुरुवातीला केवळ यादी पूर्ण दिसावी म्हणून केला.

मूळच्या ८×५७ कडे परत जावं का, हेही बघितलं. पण त्या काडतुसाच्या अगदी जुन्या नळ्या किंचित अरुंद असत, त्यांत नवी गोळी अडकेल या भीतीने अमेरिकन कंपन्या ते फार मिळमिळीत भरतात. ते बाद.

स्प्रेडशीटमध्ये वेग, ऊर्जा, वाऱ्याने होणारं विचलन, गोळीची घसरण असे रकाने होते. पन्नास यार्डांच्या टप्प्याने पाचशेपर्यंत. रात्री जेवण झाल्यावर मी ती भरत बसे आणि फार आनंदात असे. मग एका शनिवारी ती छापून आजोबांकडे नेली. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि अडीचशेच्या ओळीखाली एक रेघ मारली. “याच्या खालचं कुणासाठी आहे?”

रेघेच्या वर बघितलं तर काय राहिलं? थर्टी-ऑट-सिक्सची १८० ग्रेनची गोळी, क्रीडमूरची १४३ ची आणि ७×५७ ची १४० ची, तिन्ही नळीतून साधारण सेकंदाला ८२० मीटरने निघतात. अडीचशे यार्डांपर्यंत त्यांच्या घसरणीत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक. एल्कसाठी कॉलोराडोचा कायदा किमान ८५ ग्रेनची, फुलणारी गोळी आणि शंभर यार्डांवर एक हजार फूट-पाउंड ऊर्जा मागतो, म्हणजे सुमारे १३५० जूल. सगळ्यात मवाळ ७×५७ सुद्धा तिथे त्याच्या जवळजवळ दुप्पट देतं. क्रीडमूरची गोळी निमुळती, ती वाऱ्याला कमी भुलते, हे खरंच. पण तो गुण चारशे-पाचशे यार्डांपुढे दिसायला लागतो. ते मूळचं निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी आखलेलं काडतूस आहे, त्यात ते उत्तमच. आम्ही स्पर्धेला जाणार नव्हतो.

मग रेघेच्या वर फरक राहिला तो दोन रकान्यांत, आणि ते दोन्ही मी अगदी उजवीकडे, शेवटी घातले होते.

एक, धक्का. साडेतीन किलोच्या रायफलीत माझ्या हिशोबाने थर्टी-ऑट-सिक्सचा धक्का ३० जूल, ७×५७ चा १९, क्रीडमूरचा १८. अ‍ॅक्लीचा मधे कुठेतरी, पण जास्तीकडे झुकलेला. तीस जूल म्हणजे मोठ्या माणसाला खांद्यावर बसलेली थाप. बेचाळीस किलोच्या मुलीला ती पहिल्या दहा गोळ्यांतच चाप ओढण्याआधी डोळे मिटायला शिकवते, आणि ती सवय पुढे आयुष्यभर सुटत नाही. डोळे मिटलेल्या हातात कितीही जूल द्या, ती पोटातच लागणार.

दोन, दाब. अमेरिकेत काडतुसांची मापं आणि दाब ठरवणारी सामी नावाची संस्था आहे. तिच्या मर्यादा दर चौरस इंचाला पाउंडांत अशा: अ‍ॅक्ली ६५,०००, क्रीडमूर ६२,०००, थर्टी-ऑट-सिक्स ६०,००० आणि ७×५७ ५१,०००. आता ही रायफल कशाची बनली आहे ते बघा. जुन्या माउझरची ॲक्शन आजच्यासारख्या मिश्रधातूची नाही, कमी कार्बनच्या पोलादाची, वरून कातडी कडक केलेली. बाहेर कठीण, आत चिवट. ती फुटत नाही, हा तिचा मोठेपणा. तिसरा राखीव दात्या, वायू बाजूला सोडणारी भोकं, या सगळ्याचा विचार पॉल माउझरने १८९८ मध्येच करून ठेवला आहे. पण सतत जास्त दाब दिला की बोल्टचे दाते ज्या खाचांत अडकतात तिथलं पोलाद केसाकेसाने चेपत जातं आणि पुंगळीमागची ती नेमकी जागा वाढत जाते. त्यात पन्नाशीच्या दशकातल्या गनस्मिथने लांब थर्टी-ऑट-सिक्स मॅगझिनमध्ये बसावं म्हणून पुढचा उतार थोडा घासला होता. खालच्या दात्याला आधार देणारं पोलाद नेमकं त्याच बाजूला असतं. आत्ताच्या गनस्मिथने सगळं मोजलं. खाचा शाबूत होत्या. “पण मी हिला पासष्ट हजार देणार नाही,” एवढंच तो म्हणाला. माझं अ‍ॅक्लीवरचं प्रेम तिथे संपलं.

मग मी ७×५७ कडे पहिल्यांदा नीट बघितलं. हे काडतूस माउझरने १८९२ मध्ये काढलं, स्पेनच्या सैन्याने दुसऱ्या वर्षी घेतलं. १८९८ मध्ये क्यूबातल्या सान हुआनच्या टेकड्यांवर मूठभर स्पॅनिश शिपायांनी याच काडतुसाने अमेरिकनांना असं रोखून धरलं, की त्यानंतर अमेरिकेला माउझरसारखी रायफल हवीशी वाटली. बोअर शेतकऱ्यांनी इंग्रजांना दक्षिण आफ्रिकेत त्यानेच जेरीस आणलं. आणि इंग्रजांनी? शत्रूच्या काडतुसाचं नाव बदललं. लंडनच्या रिग्बीने त्याला २७५ रिग्बी म्हटलं, म्हणजे ७ मिलिमीटरचे इंच करून, आणि साहेबांना विकलं. जिम कॉर्बेट मराठी घरांत वाचला जातो, त्यामुळे हे सांगायला हवं: चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये संयुक्त प्रांताच्या नायब राज्यपालांनी कॉर्बेटला भेट दिलेली रायफल याच २७५ ची. म्हणजे हे काडतूस मला शाळेपासून माहीत होतं, फक्त दुसऱ्या नावाने. आजोबांना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी कॉर्बेटचं नाव ऐकलं नव्हतं. कुमाऊंचा नकाशा दाखवावा लागला.

जुन्या सैनिकी ७×५७ ची गोळी लांब, जड, गोल नाकाची, सव्वाअकरा ग्रॅमची. लांब गोळी हवेत डगमगू नये म्हणून तिला जास्त वेगाने फिरवावं लागतं, म्हणून या नळ्यांच्या आट्यांचा पीळ घट्ट, २२० मिलिमीटरला एक फेरा. आता मजा बघा. हल्ली बरेच शिकारी शिशाऐवजी अख्ख्या तांब्याची गोळी वापरतात. शिशाचे बारीक तुकडे मांसात पसरतात, आणि रानात सोडलेल्या आतड्यांतून गिधाडं-गरुडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियात तर कॉन्डॉर पक्ष्यांपायी २०१९ पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद आहे. तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि तिला घट्ट पीळ लागतो. एकोणिसाव्या शतकात एका कारणाने दिलेला पीळ एकविसाव्या शतकात दुसऱ्याच कारणाने उपयोगी पडतो. थर्टी-ऑट-सिक्सला याची अडचण आहे असं नाही, पण मला हे फार आवडलं.

आजोबांना नाही आवडलं. म्हणजे त्यांनी हरकत घेतली ती अशी: वडिलांनी थर्टी-ऑट-सिक्स का घेतलं? मिळत होतं म्हणून. आजही वायोमिंगमधल्या कुठल्याही आडगावच्या पेट्रोल पंपावर बाकी काही नसलं तरी थर्टी-ऑट-सिक्सचा डबा असतो. ७×५७ शोधायला लागतं. काडतूसच नसेल तर रायफल म्हणजे महागडी काठी. शिवाय, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण ती वडिलांची निवड होती.

मिळण्या-न मिळण्याचा मुद्दा खोटा नाही, आणि तो आपल्याकडे तर सगळ्याच्या वर असतो. भारतात सैन्याची ३०३ नागरिकाला निषिद्ध, म्हणून सरकारी आयुध कारखान्याने ३१५ ची रायफल काढली. शेतकरी असो की जमीनदार, घेतली तर तीच. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर प्रश्नच मिटला. तिथे काडतूस माणूस निवडत नाही, काडतूस माणसाला दिलं जातं. इकडे २०२० साली महामारीत दुकानांतले फळे रिकामे झाले तेव्हा अमेरिकन माणसालाही त्याची चव कळली. पण तेव्हा गेलं कोण आधी? जे सगळ्यांकडे आहे तेच.

मी हिशोब मांडला. शिकारी वर्षाला किती गोळ्या झाडतो? उन्हाळ्यात सरावाच्या चाळीस, हंगामात एक किंवा दोन. पितळी पुंगळी मवाळ दाबाला आठ-दहा वेळा पुन्हा भरता येते. आजोबांच्या गराजमध्ये काडतुसं भरायचं हातयंत्र चाळीस वर्षं उभं आहे. दोनशे पुंगळ्या एकदा घेतल्या की नातीचं चाळिसावं वर्ष येईपर्यंत चिंता नाही. दुकानातल्या फळीवर काय आहे हा प्रश्न दर आठवड्याला दोनशे गोळ्या उडवणाऱ्याचा आहे, आमचा नाही.

त्यात माझाही एक स्वार्थ होता, तो मी मांडला नाही, पण त्यांना कळला असावा. माझी नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. मागच्या दोन वर्षांत आमच्या टीममधले तिघे असे गेले. एकाने तर गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये मित्राच्या नावावर केली. मी या रायफलीने किती हंगाम बघेन सांगता येत नाही. इथे मी जे काही ठरवतो, भाड्याचं घर, पुस्तकं, कुंडीतली तुळस, त्या सगळ्याला एक अदृश्य मुदत चिकटलेली असते. ही एकच गोष्ट अशी होती की ती ठरवताना मला पन्नास वर्षांचा विचार करायला सांगितलं होतं. म्हणून ती घाईने उरकावी असं मला वाटेना. आईला फोनवर हे समजावायला गेलो तर म्हणाली, “अरे, पण दुसऱ्याच्या नातीच्या बंदुकीसाठी तू का रात्री जागतोस?” मग थोड्या वेळाने, “मुलगी डावखुरी आहे का उजवी?” मिरजेत आमच्या घरी बंदूक कधीच नव्हती, पण आजीचं शिवणयंत्र आईने स्वतःच्या उंचीला करून घेतलं होतं, तिला मुद्दा लगेच समजला. (उजवी आहे. माउझरचा बोल्ट उजव्याच बाजूला असतो, तेव्हा ते बरंच झालं.)

आजोबा दोन आठवडे काही बोलले नाहीत. बर्फ पडलं, त्यांनी माझ्याही दारासमोरचं काढलं, पण विषय नाही. मग एकदा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना म्हणाले, “बाबांनी जर्मन नळी काढली तेव्हा तिच्याकडे परत बघितलंही नव्हतं. कुंपणाला खुंटी म्हणून ठोकली होती ती.” आणि आत गेले. ते उत्तर होतं हे मला रात्री कळलं.

काम मार्चमध्ये झालं. गनस्मिथने मला बघू दिलं. जुनी नळी शिकंज्यात धरून ॲक्शनला लांब दांड्याचा पाना लावला. सत्तर वर्षांचा आटा करकचून सुटला तेव्हा बंदूक झाडल्यासारखाच आवाज आला. ॲक्शनच्या आतले आटे बघून मला हसू आलं. जर्मन बंदूक, सगळी मापं मिलिमीटरची, आणि नळीचे आटे मात्र इंग्रजी व्हिटवर्थ पद्धतीचे, पंचावन्न अंशांचे, इंचाला बारा. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पहिल्या वर्षाला आम्ही ते आटे निष्कारण काढतो असं मला वाटायचं.

नवी नळी जवळजवळ पूर्ण चेंबर कोरून येते. शेवटचा केसभर भाग गनस्मिथ हाताने रीमर फिरवून कोरतो: दोन फेरे, साफ करायचं, तेल, ‘गो’ मापक घालून बोल्ट मिटतो का बघायचं. गो वर बोल्ट मिटला पाहिजे, ‘नो-गो’ वर अडला पाहिजे. या दोन मापकांमधला फरक कागदाच्या जाडीएवढा. एक तास तो एक शब्द बोलला नाही. मी रोज ज्या चाचण्या लिहितो त्यांची नावंही जवळपास हीच असतात, पण त्या चुकल्या तर लाल अक्षरं दिसतात, इथे डोळा जातो.

शेवटी त्याने विचारलं, नळीवर काय कोरू? हे नुसतं शोभेचं नसतं. पुढे कुणी तरी ही रायफल उचलेल तेव्हा आत काय घालायचं हे त्याला त्या अक्षरांवरूनच कळणार. चुकीचं काडतूस चेंबरमध्ये गेलं तर माणूस मरू शकतो. मला ‘२७५ रिग्बी’ लिहावंसं वाटलं होतं, नाकारत नाही. पण अमेरिकेतल्या डब्यावर जे छापतात तेच नळीवर हवं. ७×५७ माउझर, असं कोरलं. थर्टी-ऑट-सिक्सची जुनी नळी आजोबांनी मागून घेतली.

एप्रिलमध्ये रेंजवर पहिल्या वीस गोळ्या मी झाडल्या, तांब्याच्या, १४० ग्रेनच्या. शंभर यार्डांवर पाचांचं वर्तुळ सव्वा इंचाचं. मग नातीने झाडल्या. पहिल्या गोळीनंतर तिने खांदा चोळला नाही, डोकं वर करून विचारलं, “लागली का?” दस्ता तिला दोन सेंटिमीटर लांब पडतो. तो कापायचा की ती वाढेपर्यंत थांबायचं, यावर आता आजोबांचं आणि माझं सुरू आहे.